पाणी नेमके मुरते कुठे? डिझेल मोटारीतील ईजीआर कूलरचा बिघाड : निदान आणि दुरुस्ती

डिझेल मोटारीतील कूलंट दर पंधरा-वीस दिवसांनी कमी होते. मात्र गाडीखाली जमिनीवर एक थेंबही पडलेला नसतो. रेडिएटर कोरडा, होज शाबूत, पाण्याचा पंप ठीक. ऑइलची पट्टी ओढून पाहिली तर तेलातही पाण्याचा अंश नाही. गॅरेजच्या बोलीत अशी गाडी 'पाणी खाते' आणि अशा गाडीबाबत हमखास ऐकू येणारा निवाडा म्हणजे, 'हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागेल'. हा निवाडा पुष्कळदा खरा ठरतो, हे मान्यच. परंतु गेल्या दोन दशकांतील डिझेल गाड्यांमध्ये संशयाचा आणखी एक मानकरी आहे आणि त्याच्याकडे नजर वळण्याआधीच हेड खाली उतरलेले असते. मोठा खर्च होतो, गाडी आठवडाभर उभी राहते आणि परत आल्यावर कूलंटची पातळी पुन्हा घसरू लागते. हा दुर्लक्षित संशयित म्हणजे ईजीआर कूलर.

'ईजीआर' म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धूरवायूंपैकी काही भाग पुन्हा इंजिनाच्या श्वासात मिसळण्याची व्यवस्था. डिझेल इंजिनात ज्वलनाचे तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर गेले की हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग वेगाने होऊ लागतो आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइड्स तयार होतात. शहरांवरील धुरकट तपकिरी आवरणाला आणि श्वसनाच्या विकारांना हातभार लावणारे हेच वायू. धूरवायूत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ जास्त असते. त्याचा काही हिस्सा ताज्या हवेत मिसळला की ज्वलनाची धग कमी होते आणि ही ऑक्साइड्सही घटतात.

अडचण एवढीच, की हा वायू चारशे ते सहाशे अंश इतका तप्त असतो. तो तसाच आत सोडला तर धग कमी करण्याचा हेतूच निम्मा फसतो; शिवाय गरम वायू विरळ असल्याने जागा अधिक व्यापतो आणि ताज्या हवेला वाट मिळत नाही. म्हणून वाटेत एक उष्णता-विनिमयक बसवितात. स्टेनलेस स्टीलच्या बारीक नळ्या किंवा पन्हळी पत्रे, त्यांच्या आतून धूर आणि बाहेरून इंजिनाचे कूलंट, असा हा साधा मामला. कूलंट ऐंशी-नव्वद अंशांवर, धूर त्याच्या पाच-सहा पट तप्त आणि दोहोंमध्ये एक मिलिमीटरहूनही पातळ धातूची भिंत. दर वेळी पाय अॅक्सिलरेटरवर पडला आणि उचलला गेला की या भिंतीचे तापमान वर-खाली होते. मुंबई-पुण्याच्या वाहतुकीत एका तासात असे किती वेळा घडते, याची कल्पना वाचकांना असेलच. इतका मार सोसणारा हा भाग वर्षानुवर्षे टिकतो, हीच खरे तर नवलाची गोष्ट आहे.

अमेरिकेत १९९८मध्ये डिझेल इंजिनांच्या मोठ्या उत्पादकांशी सरकारने केलेल्या कायदेशीर तडजोडीमुळे ऑक्टोबर २००२पासून अवजड ट्रकांच्या इंजिनांत शीत ईजीआरचा मोठा शिरकाव झाला. आपल्याकडे हा भाग भारत स्टेज मानकांच्या पायऱ्या चढत आला. डिझेल मोटारीसाठी नायट्रोजन ऑक्साइड्सची मर्यादा भारत स्टेज तीनमध्ये किलोमीटरमागे ०.५० ग्रॅम होती. चारमध्ये ती ०.२५ झाली आणि १ एप्रिल २०२०पासून देशभर लागू झालेल्या सहाव्या टप्प्यात ०.०८ ग्रॅमवर आली. प्रत्येक पायरीगणिक ईजीआरकडून अधिकाधिक काम घेतले जाऊ लागले. मारुती सुझुकीने सहाव्या टप्प्याच्या तोंडावर डिझेल मोटारी बंद केल्या. चौथ्या टप्प्यातील असंख्य छोट्या डिझेल गाड्या मात्र आजही रस्त्यावर आहेत. त्या आता जुन्या झाल्या असून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती गेल्या आहेत. कूलरच्या तक्रारींचे वय हेच.

बिघाडाची रूपे

कूलर बिघडतो म्हणजे तो तुंबतो किंवा फुटतो. ही दोन्ही दुखणी निराळी असून त्यांची लक्षणे व उपायही निराळे आहेत. त्यांची गल्लत झाली की खर्च वाया जातो.

तुंबण्याचे कारण काजळी. तप्त वायूतील काजळीचे कण थंड भिंतीकडे ओढले जातात आणि तेथेच बसतात. हा थर उष्णतेचा अत्यंत वाईट वाहक असल्याने पातळ असला तरी कूलरची क्षमता झपाट्याने उतरते. नंतर मात्र थर वाढण्याचा वेग मंदावतो आणि कूलर कमी क्षमतेवर बराच काळ काम करीत राहतो. खरी खराबी होते ती न जळलेले इंधन व आम्लयुक्त दव या काजळीत मिसळल्यावर. मग कोरड्या भुकटीचे डांबरासारखे चिकट लेपण होते. इंजिन पुरते तापण्याआधीच संपणारे प्रवास, म्हणजे घर ते शाळा, शाळा ते मंडई, या लेपणाला सर्वाधिक पोषक. महामार्गावर रोज शंभर किलोमीटर धावणारी गाडी आणि सोसायटीच्या परिसरात फिरणारी गाडी यांचे कूलर एकाच वयाला उघडून पाहिले तर ते एकाच कारखान्यातून आले असावेत यावर विश्वास बसणार नाही.

तुंबलेल्या कूलरमुळे पाणी कमी होत नाही. गाडीची ओढ कमी होते, सरासरी घसरते, काजळीचे फिल्टर असलेल्या गाडीत ते वारंवार स्वतःला जाळून साफ करू लागते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर जोडल्यावर बहुधा 'पी-०४०१' हा कोड मिळतो, म्हणजे पुनराभिसरणाचा प्रवाह अपुरा. 'पी-२४५७' आला तर धूर अपेक्षेइतका थंड होत नसल्याची ती नोंद असते. येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे कोड कूलर फुटल्याचे सांगत नाहीत. 'पी-०४०१' पाहून कूलर बदलणे जितके चूक, तितकेच कोड नाही म्हणून कूलर निर्दोष मानणेही चूक. व्हॉल्व्ह अडकला, हवा मोजणारा सेन्सर मळला किंवा व्हॅक्यूमची नळी चिरली तरी हाच कोड येतो. तपासणीची सुरुवात या स्वस्त गोष्टींपासून व्हावी.

फुटण्याचे प्रकरण अधिक गंभीर. तापमानाच्या चढउतारांनी धातू थकतो आणि नळी जेथे टोकाच्या पत्र्याला ब्रेझिंगने जोडलेली असते तेथे केसासारखा तडा जातो. गंज हे दुसरे कारण. तिसरे आणि आपल्याकडे विशेष दखल घेण्याजोगे कारण म्हणजे कूलरमध्येच कूलंट उकळणे. पाणी आणि ग्लायकोल यांचे समप्रमाणातील मिश्रण उघड्या भांड्यात १०७ अंशांच्या आसपास उकळते. प्रणालीच्या झाकणाने दाब धरून ठेवला की ते सव्वाशे अंशांच्याही पुढे तग धरते. झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा कूलंटऐवजी नुसते नळाचे, बोअरवेलचे पाणी भरले की ही राखीव शक्ती संपते. बोअरच्या पाण्यातील क्षार कूलरच्या अरुंद वाटांत साचतात, तेथे प्रवाह मंदावतो, वाफेचे बुडबुडे धरतात आणि बुडबुड्यामागची भिंत काही क्षण उघडी पडून लालबुंद होण्याच्या बेतात येते. मग एक दिवस ती तडकते.

फोर्ड कंपनीच्या अमेरिकेतील पिकअप ट्रकांचे ६.० लिटर पॉवर स्ट्रोक इंजिन या संदर्भात मेकॅनिकांच्या अभ्यासाचा विषय ठरले आहे. २००३ ते २००७च्या त्या इंजिनांत ईजीआर कूलर फुटण्याची ख्याती इतकी, की मालक एकामागून एक कूलर बदलत. मूळ दोष अनेकदा तिसरीकडेच असे. ऑइल कूलरमधील कूलंटच्या बारीक वाटा ओतकामातील वाळूने आणि कूलंटच्या गाळाने तुंबत. त्यापुढे असलेल्या ईजीआर कूलरला पुरेसे कूलंट मिळत नसे आणि ते उकळून कूलर फुटे. तेव्हापासून तेथील जाणकार आधी तेल आणि कूलंट यांच्या तापमानातील तफावत पाहतात. स्थिर वेगाने जाताना ती सुमारे आठ अंश सेल्सिअसच्या पुढे गेली तर ऑइल कूलर तुंबला असे धरतात. फुटलेला कूलर हा अनेकदा रोग नसून रोगाचे लक्षण असतो, हे या इंजिनाने शिकविले.

धूर काय सांगतो?

कूलर आतून फुटला की कूलंट धुराच्या बाजूला जाते. ते नंतर कोठे वाहते, हे ईजीआर व्हॉल्व्ह कोठे बसवला आहे यावर ठरते. व्हॉल्व्ह कूलरच्या आधी, म्हणजे तप्त बाजूला असेल, तर फुटलेल्या कूलरमधील पाण्याला इंजिनाच्या हवामार्गाकडे मोकळी वाट असते. व्हॉल्व्ह कूलरच्या नंतर असेल तर बंद व्हॉल्व्ह हवामार्गाचे रक्षण करतो आणि पाणी एक्झॉस्टच्या दिशेने ओघळते. एकाच मॉडेलच्या दोन पिढ्यांत ही मांडणी बदललेली असू शकते. म्हणून 'मागच्या गाडीला असेच झाले होते' हा अनुभव येथे दगा देतो.

पांढरा धूर हे ठळक लक्षण खरे, पण त्यातही भेद आहेत. हिवाळी सकाळी कोणत्याही गाडीच्या सायलेन्सरमधून वाफ येते. ती दोन-तीन हातांवर विरून जाते आणि इंजिन तापले की थांबते. इंजेक्टर बिघडल्याने न जळलेल्या डिझेलचा धूरही पांढरट असतो, पण तो डोळ्यांना झोंबतो आणि त्याला कच्च्या इंधनाचा वास असतो. कूलंटचा धूर दाट, रेंगाळणारा आणि गोडसर वासाचा. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला तो सर्वाधिक दिसतो. कारण इंजिन बंद झाले तरी गरम प्रणालीत दाब शिल्लक राहतो आणि त्या दाबाने कूलंट तासन् तास झिरपत राहते.

या झिरपण्यातच सर्वांत मोठा धोका दडलेला आहे. रात्रभरात सिलिंडरमध्ये पुरेसे पाणी साचले आणि सकाळी चावी फिरवली, तर पिस्टन वर येताना हवेऐवजी पाणी दाबण्याचा प्रयत्न करतो. पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांची दुरुस्ती पूर्ण इंजिनाच्या कामावर जाते. स्टार्टर एकाएकी 'ठक्' करून अडला तर पुन्हा पुन्हा चावी फिरवू नये, गाडी टो करूनच न्यावी. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, याचीही मालकांनी नोंद घ्यावी.

निदानाचा क्रम

पहिली पायरी प्रेशर टेस्टची. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या बाटलीच्या झाकणाजागी हातपंप लावावा आणि झाकणावर छापलेल्या दाबाइतकाच दाब भरावा. त्याहून अधिक नको. पंधरा-वीस मिनिटांत काटा खाली आला आणि बाहेर कोठेही ओल नसेल, तर गळती आत आहे. तडा अगदी बारीक असेल तर दाब रात्रभर ठेवावा लागतो. काही तडे धातू तापल्यावरच उघडतात, त्यामुळे थंड चाचणीत काटा हलला नाही तरी संशय मिटत नाही. अशी गाडी फिरवून आणावी, निवू द्यावी आणि पुन्हा तपासावी. उकळत्या इंजिनाचे झाकण उघडण्याचे धाडस कोणीही करू नये. दाबाखालचे कूलंट अंगावर उसळते आणि खोल भाजते.

दाब कायम असतानाच ईजीआरचा पाइप कूलरपासून सोडवून आत पाहावे. निरोगी कूलरच्या तोंडाशी काजळी कोरडी, मखमली असते. ओलसर, चकाकती, चिखलासारखी काजळी किंवा एखादी जागा धुतल्यासारखी स्वच्छ दिसली तर उत्तर जवळजवळ मिळाले. शहरातील बऱ्या गॅरेजांकडे आता बारीक कॅमेऱ्याची नळी असते. ती आत घालून थेंब प्रत्यक्ष पाहता येतो. बाहेरून गळणारा कूलर शोधणे तुलनेने सोपे, कारण सुकलेल्या कूलंटचा गुलाबी, हिरवा किंवा निळा पापुद्रा त्याच्या सांध्यावर दिसतो. मात्र कूलर बहुधा इंजिनाच्या पाठीमागे, फायरवॉलच्या अंगाला दडलेला असल्याने हा पापुद्रा पाहण्यासाठी आरसा आणि बॅटरी लागते.

हेड गॅस्केट की ईजीआर कूलर, हा मुख्य वाद सोडविताना जरा सावध राहावे लागते. अनेक ठिकाणी कूलंटच्या बाटलीतील हवा एका निळ्या रसायनातून ओढतात. धूरवायू असेल तर रसायन पिवळे पडते. पिवळे पडले म्हणजे हेड गॅस्केट गेले, असा निष्कर्ष लगेच काढला जातो आणि तो घाईचा आहे. भार पडल्यावर एक्झॉस्टमधील दाब कूलंटच्या दाबाहून अधिक होऊ शकतो आणि मग फुटलेल्या कूलरमधूनही धूर पाण्यात शिरतो. उलटपक्षी, डिझेल इंजिनाच्या धुरात आयडलिंगला कार्बन डायऑक्साइड कमी असल्याने रसायन निळेच राहिले तरी हेड गॅस्केटला निर्दोषत्वाचा दाखला मिळत नाही. अधिक उपयोगी खूण होजमध्ये असते. सिलिंडरमधील ज्वलनाचा दाब शंभर बारहून अधिक असतो. गॅस्केट गेले असेल तर थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच, पाणी तापण्याआधीच, वरचा होज दगडासारखा कडक होतो आणि बाटलीत सतत बुडबुडे येतात. कूलरच्या गळतीत असे इतक्या लवकर सहसा होत नाही.

तरीही शंका उरली तर कूलरला काही काळ प्रणालीतून वगळून पाहावे. त्याचे दोन होज एकमेकांना जोडावेत आणि धुराच्या बाजूला तात्पुरती पट्टी बसवून वायू बंद करावा. पाण्याविना कूलरमधून तप्त धूर जाऊ दिला तर तो जळून जाईल. अशा स्थितीत दाब टिकला आणि थोड्या चाचणी-फेरीत पाणी कमी झाले नाही, तर गुन्हेगार सापडला. पाणी तरीही कमी झाले तर हेड उतरवायला आता आधार आहे. काही इंजिनांत कूलर एकाच ओतीव भागात बसवलेला असतो, तेथे ही युक्ती चालत नाही. तो काढूनच तपासावा लागतो.

काढलेल्या कूलरची तपासणी सायकलच्या ट्यूबसारखीच. पाण्याची तोंडे बंद करून आत दोन बारच्या आसपास हवा भरावी आणि कूलर कोमट, शक्यतो गरम पाण्याच्या पिंपात बुडवावा. गरम पाणी यासाठी, की तडे उघडावेत. धुराच्या तोंडातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली की वाद संपला. मालकाने ही चाचणी समोर उभे राहून करवून घेण्याचा आग्रह धरावा. पाच मिनिटांचे काम आहे आणि कोणत्याही प्रामाणिक गॅरेजला त्यात हरकत नसावी.

कोरियातील आगी

ईजीआर कूलर हा शब्द जगभरच्या वृत्तपत्रांत पहिल्या पानावर आला तो २०१८च्या उन्हाळ्यात. दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यू मोटारींना, विशेषतः ५२० डी या लोकप्रिय डिझेल मॉडेलला, धावता धावता आगी लागू लागल्या. त्या वर्षात अशा घटनांची संख्या चाळीसच्या वर गेली. काही वाहनतळांनी बीएमडब्ल्यू गाड्यांना प्रवेश नाकारला. कंपनीने तेथील १ लाख ६ हजार गाड्या माघारी बोलावल्या. त्यांतील तपासणी न झालेल्या सुमारे २० हजार गाड्या रस्त्यावर आणण्यास सरकारने ऑगस्टमध्ये मनाई केली. ऑक्टोबरपर्यंत जगभरातील माघारीचा आकडा सुमारे १६ लाखांवर पोहोचला.

आगीची साखळी समजून घेण्याजोगी आहे. कूलरमधून गळलेले ग्लायकोल काजळीत मुरते. पाणी उडून जाते. मागे राहतो तो ज्वलनशील, चिकट थर. त्यावर पुरेसा थंड न झालेला धूर आला की तो धुमसू लागतो, जळते कण पुढे इनटेक मॅनिफोल्डमध्ये जातात आणि मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असल्याने वितळतो. एकदा त्याला भोक पडले की आग बॉनेटखाली पसरते. डिसेंबर २०१८मध्ये कोरियन सरकारच्या तपास पथकाने कूलरमध्ये कूलंट उकळते आणि याचे मूळ रचनेतील दोषात आहे, असा निष्कर्ष काढला. दोष दडवल्याचा आणि माघारीस विलंब केल्याचा ठपका ठेवून कंपनीला ११.२ अब्ज वॉन इतका दंड ठोठावण्यात आला.

प्रत्येक गळका कूलर आग लावतो, असे मुळीच नाही. तथापि कूलर बदलताना मॅनिफोल्डमधील ग्लायकोलने माखलेली काजळी तशीच सोडणे किती अयोग्य आहे, हे या प्रकरणावरून दिसते. मजुरी वाचविण्यासाठी नेमके हेच काम आपल्याकडे टाळले जाते.

दुरुस्ती : काय करावे, काय टाळावे

केवळ तुंबलेला कूलर साफ करता येतो. तो काढून काजळी विरघळविणाऱ्या द्रावणात भिजत ठेवावा, दोन-तीनदा द्रावण बदलावे, स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावा आणि मग वर सांगितलेली पिंपातील चाचणी करावी, कारण कित्येकदा काजळीनेच तडा बुजवलेला असतो. नळ्यांत तार खुपसणे, वाळूचा मारा करणे किंवा तीव्र आम्ल ओतणे हे पातळ भिंतींचे आणि ब्रेझिंगचे वैरी. हवामार्गातून फवारण्याची क्लीनर डबडी बाजारात पुष्कळ आहेत. व्हॉल्व्हच्या तोंडाशी त्यांचा थोडा उपयोग होतो, कूलरच्या नळ्यांपर्यंत ती पोहोचत नाहीत.

फुटलेल्या कूलरला बदलण्याखेरीज खात्रीचा इलाज नाही. बाहेरचा सांधा वेल्डिंगने भरता येतो, आतल्या नळ्यांना हात पोहोचत नाही. प्रवासात अडलेला ट्रकचालक रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबवितो, ही आपल्याकडची जुनी युक्ती. बाटलीतील 'लीक स्टॉप' हे तिचेच आधुनिक भावंड. जुन्या, रुंद नळ्यांच्या पितळी रेडिएटरला ते चालून जाई. आजच्या इंजिनात ती हळद तडा बुजविण्याआधी हीटरच्या आणि ऑइल कूलरच्या बारीक वाटा बुजविते आणि फोर्डच्या त्या इंजिनासारखी गत होते. भंगार बाजारातील जुना कूलर घेण्याचा मोहही होतो. घ्यायचाच असेल तर पिंपातील चाचणी दुकानातच करावी, पैसे नंतर द्यावेत.

नवा कूलर बसविताना बहुतेक चुका घाईत होतात. गॅस्केट आणि सील प्रत्येक वेळी नवीनच हवेत. आधी सर्व बोल्ट आणि आधाराचे ब्रॅकेट हाताने सैलसर लावावेत, कूलर आपल्या जागी सहज बसू द्यावा आणि मगच उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनुसार आवळावेत. पाइप जुळत नाही म्हणून ओढून बसवलेला कूलर पहिल्या दिवसापासून ताणाखाली राहतो आणि थोड्याच अवधीत त्याच सांध्यावर पुन्हा फुटतो. व्हॉल्व्ह, जोडपाइप आणि मॅनिफोल्ड साफ करावेत. कूलंट इंजिनऑइलमध्ये गेल्याचा संशय असेल तर ऑइल व फिल्टर बदलावे.

मूळ कारणाचा शोध याच वेळी घ्यावा लागतो. थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, कूलरला पाणी नेणारे होज, झाकणाची स्प्रिंग, जुन्या कूलंटमधील गाळ. प्रणाली धुऊन घ्यावी आणि उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरावे. कूलंटचा रंग हा त्याच्या प्रकाराचा पुरावा नव्हे. दोन हिरवी कूलंट्स एकमेकांशी न पटणारी असू शकतात आणि त्यांच्या मिश्रणातून गाळ धरतो. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सोडून, प्रणालीतील हवा संपूर्ण बाहेर काढावी. कूलर बहुधा इंजिनाच्या वरच्या भागात असतो. हवेचा फुगा तेथेच अडकतो आणि नवाकोरा कूलर पहिल्याच घाटात कोरडा तापतो. शेवटी स्कॅनरने जुने कोड पुसून व्हॉल्व्हला नव्याने स्थिती शिकवावी लागते. ज्या गाड्यांत ही पायरी आहे तेथे ती वगळली तर पिवळा दिवा परत येतो.

'ब्लँक' करण्याचा सल्ला

कूलरच्या किमतीचा आकडा ऐकून मालकाचा चेहरा उतरला की एक सल्ला हमखास पुढे येतो. लोखंडी पट्टी ठोकून ईजीआरच बंद करून टाकू. गॅरेजच्या भाषेत 'ब्लँक' करणे. पैसे वाचतात, काजळी थांबते, काही गाड्यांची ओढही किंचित सुधारल्यासारखी वाटते आणि पीयूसीत गाडी आरामात उत्तीर्ण होते. शेवटचा मुद्दा खरा आहे, आणि तो आपल्या तपासणी व्यवस्थेतील मोठे छिद्र दाखवितो. डिझेल वाहनाच्या पीयूसी चाचणीत केवळ धुराची घनता मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइड्स मोजतच नाहीत. ईजीआर बंद केल्यावर काजळी कमी होते आणि जी वाढतात ती न दिसणारी ऑक्साइड्स.

कायद्याच्या दृष्टीने मात्र हा फेरफार निषिद्ध आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या ५२व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि १९०व्या कलमात वायुप्रदूषणाची मानके मोडण्यासाठी २०१९च्या दुरुस्तीनंतर १० हजार रुपयांपर्यंत दंडाची, कैदेची तसेच परवाना तीन महिने अपात्र ठरविण्याची तरतूद आहे. यांत्रिक बाजूनेही हा सौदा वाटतो तितका स्वस्त नाही. सहाव्या टप्प्यातील गाड्यांत ईजीआर, काजळीचे फिल्टर आणि त्यापुढील शुद्धीकरण यांचे गणित एकमेकांत गुंतलेले असते. एक पाय लंगडा झाला की संगणक इंजिनाची शक्तीच कमी करतो. शिवाय पट्टी केवळ धूर अडवते. फुटलेला कूलर होजला जोडलेलाच राहिला तर पाणी झिरपतच राहते आणि 'ब्लँक करूनही पाणी कमी होते' अशी नवी तक्रार सुरू होते.

जुनी डिझेल गाडी विकत घेणाऱ्यांनी म्हणूनच बाटलीतील कूलंटकडे नीट पाहावे. ते साध्या पाण्यासारखे रंगहीन असेल, तळाशी पिवळसर गाळ असेल किंवा ईजीआरच्या सांध्यात गॅस्केटऐवजी चकचकीत पत्रा डोकावत असेल, तर किंमत ठरविण्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्यावी. गाडी थंड असताना प्रथम आपल्यासमोर सुरू करण्याची अट घालावी. आधीच तापवून ठेवलेली गाडी दाखविणारा विक्रेता बहुधा सकाळचा धूर लपवीत असतो.

दुरुस्तीनंतर बाटलीवर पातळीची रेघ मारून ठेवावी आणि पहिले हजार किलोमीटर दर दोन-तीन दिवसांनी थंड इंजिनावर ती पाहावी. उरलीसुरली हवा निघाल्याने पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी थोडी उतरते, तेवढी भरून घ्यावी. त्यानंतरही ती घसरत राहिली तर तपास पुन्हा प्रेशर टेस्टपासून सुरू करावा लागतो. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा उघड्या भांड्यात ठेवू नये. ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असते. गॅरेजच्या आसपासची कुत्री-मांजरी ते चाटतात, आणि लहान मुलेही.